वीट, फरशी आणि जॅक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून दोन दिवस उत्तर दिलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरी गाडी जॅकवर उचलण्याबद्दलच्या लेखात मी उगाच भीती घातली. तुमच्या वडिलांनी अक्कलकोट रोडच्या गॅरेजात चाळीस वर्षं विटांवर गाड्या ठेवल्या, कुणाला खरचटलंही नाही. जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी आधार, ही पैसेवाल्यांची हौस. आणि हँडब्रेकबद्दलचं माझं वाक्य चूक.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथं तुम्ही बरोबर आहात. ‘हँडब्रेक ओढला की गाडी जागची हलत नाही’ असं मी ठोकून दिलं होतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागची दोन्ही चाकं उचलली की त्याचा उपयोग संपला; तेव्हा गाडी गिअरमध्ये हवी, कारण इंजिन पुढच्या चाकांना जोडलेलं असतं. उलट पुढचं एकच चाक उचललं तर गिअरचा भरवसा नाही. दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे, म्हणजे डिफरन्शिअलमुळे, हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं खुशाल घरंगळतं. म्हणून हँडब्रेक आणि गिअर दोन्ही, शिवाय जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. वाक्य दुरुस्त केलंय.

आता विटा. वडिलांच्या गॅरेजात काँक्रीट होतं, हे तुम्हीच लिहिलंय. जुळे सोलापुरात माझ्या दारात शहाबादी फरशी आहे आणि तिच्याखाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि फरशीखाली पोकळी राहते. वरून सगळं सपाट दिसतं. टाच आपटली तर तेवढा डबडब आवाज येतो.

मूळ लेखात एक गोष्ट लाजेपोटी लिहिली नव्हती, ती आता लिहितो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी पुढचे ब्रेक पॅड बदलायला बसलो होतो. खाली जुनी विरलेली चादर अंथरलेली, गाडीसोबत येतो तोच कात्रीसारखा जॅक, आणि तो थेट फरशीवर. त्याचं बूड केवढं? तळहाताएवढं. बोल्ट निघेना म्हणून पान्याला झटका दिला आणि ‘टक्’ असा आवाज आला, कपबशी तडकावी तसा. फरशी दुभंगली, जॅक तिरका झाला आणि गाडी खाली आली. काढलेलं चाक मी आडवं करून दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवलं होतं, गाडी त्याच्यावर बसली. माझा हात तेव्हा आतच होता. मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. पट्टीला पडलेला पोचा अजून आहे.

तेव्हा जॅकखाली काहीच नव्हतं, वीटसुद्धा नाही, हे कबूल. पण वीट असती तरी मला भरवसा वाटला नसता. भिंतीत तिच्यावर वजन सगळीकडून सारखं येतं. गाडीची पट्टी मात्र धारेसारखी टेकते, आणि वीट वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम फुटते. पोकळ सिमेंट ब्लॉकचं तर नावच काढू नका. तुमचे वडील विटेवर जाड फळी ठेवायचे, हेही तुम्हीच लिहिलंय. चाळीस वर्षं त्या फळीनं आणि त्यांच्या नजरेनं निभावली, असं मला वाटतं. मी बँकेत बसणारा माणूस, महिन्यातून एकदा गाडीखाली जाणारा. ती नजर मी कुठून आणू?

स्टँडच्या पैशांबद्दल: माझी जोडी दोन हजारांच्या आत आली. घेताना खोक्यावरचा टनांचा आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा, तेवढं वाचा. हायड्रॉलिक जॅकमध्ये गाडी तेलाच्या दाबावर उभी असते आणि ते तेल एका रबरी सीलवर अडलेलं असतं; स्टँडला अडकवते लोखंडी खाच किंवा पिन. नुसतं चाक बदलायचं असेल तर स्टँड नको, गाडीचा जॅक पुरे. अंग आत जाणार असेल तर हवाच.

खाली छोटी चाकं असलेला, सरकणारा जॅक घेणार असाल तर अजून एक. गाडी उचलली जाते तसा तो थोडा पुढे-मागे सरकायला हवा. त्याची छोटी चाकं फरशीच्या सांध्यात अडकली की वरची वाटी गाडीखालून सरकू लागते. मी खाली प्लायवूडचा जाड, चांगला लांब तुकडा टाकतो, म्हणजे वजनही पसरतं. स्टँडवर गाडी टेकवली की बाहेर उभं राहून तिला दोन्ही हातांनी चांगली ढकलून बघतो, मगच आत जातो.

या रविवारी मागचे ब्रेक बघायचे आहेत. नऊनंतर अंगणात बसवत नाही, म्हणून सातलाच सुरू करीन. तुमच्याकडे ती जुनी फळी अजून असेल तर जाडी किती आहे तेवढं कळवा. मला तशीच एक करून घ्यायची आहे.