शिक्षा झाली नाही, म्हणून कायदाच नाही?

नमस्कार. आंतरराष्ट्रीय कायदा दुबळ्यांसाठीच असतो, बाकी सगळं 'बळी तो कान पिळी', आणि २००३ मध्ये इराकवर हल्ला करणाऱ्यांपैकी कुणाला शिक्षा झाली ते दाखवा, असं तुम्ही लिहिलंय.

हल्ल्याबद्दल शिक्षा कुणालाच झाली नाही. होणार तरी कशी? संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकार हल्ला करणाऱ्या अमेरिका-ब्रिटनच्याच हाती. १९८६ मध्ये निकाराग्वा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अमेरिकेविरुद्ध जिंकला. निकाल पाळा म्हणणारा ठराव अमेरिकेनेच परिषदेत पाडला. इथवर आपलं एकमत आहे.

पण शिक्षा नाही म्हणजे परिणामही नाही, हे मला पटत नाही. इराकचीच दोन युद्धं शेजारी ठेवून बघा. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळल्यावर परिषदेने ठराव ६७८ करून बळ वापरायला परवानगी दिली. आघाडीत इजिप्त आणि सीरियाच्या फौजाही आल्या, आणि अमेरिकेच्या खर्चाचा मोठा वाटा सौदी अरेबिया, कुवेत, जपान, जर्मनी यांनी उचलला. २००३ मध्ये तसा ठराव मिळाला नाही. १ मार्चला तुर्कस्तानच्या संसदेत अमेरिकी सैन्याला वाट देण्याचा प्रस्ताव पडला आणि उत्तरेकडून मोठी फौज घुसवण्याचा बेत बारगळला. तिथल्या राज्यघटनेचं कलम ९२ अशा परवानगीसाठी आंतरराष्ट्रीय वैधतेची अट घालतं. जुलैमध्ये भारतानेही सैन्य पाठवायला नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार केला असता, असं सांगून. (खरं कारण देशातलं राजकारण होतं, असं तुम्ही म्हणाल. असेलही. पण महासत्तेला नाही म्हणायला काहीतरी आधार लागतो, तो संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने, म्हणजे त्यांच्या मूळ कराराने दिला.)

माझी काळजी वेगळी आहे. कायदा उघड मोडला तर निदान दिसतं तरी. तो ताणला जातो तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. सनदेचं कलम ५१ 'सशस्त्र हल्ला झाल्यास' स्वसंरक्षणाचा हक्क मानतं आणि उचललेलं पाऊल परिषदेला ताबडतोब कळवायला सांगतं. १९८१ मध्ये इस्रायलने स्वसंरक्षण म्हणत इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली, तेव्हा परिषदेने एकमताने निषेध केला, अमेरिकेसकट. २०१४ मध्ये अमेरिकेने सीरियात बॉम्बफेक करताना तिथलं सरकार दहशतवाद्यांना रोखायला 'असमर्थ किंवा अनिच्छुक' असल्याचं कारण दिलं. ही शब्दरचना सनदेत कुठेही नाही, तरी बऱ्याच देशांनी मौन पाळलं. २०२२ मध्ये युक्रेनवर चाल करताना पुतिन यांनीही कलम ५१ चंच नाव घेतलं. आमसभेत १४१ देश विरोधात गेले, पण पळवाट तीच होती.

कलम ५१ खाली पत्र आलं की त्यातला दावा तपासलाच पाहिजे, अशी कोणतीही सक्ती परिषदेवर नाही. बहुतेक पत्रं नुसती दप्तरी जमा होतात. मेक्सिकोने २०२१ मध्ये याच विषयावर एक अनौपचारिक बैठक बोलावली होती. कायद्यावर टीका करायची तर या ठिकाणी करा, मी तुमच्या बाजूने लिहीन.