जळका डोंगर, सायकल आणि आमचा दर वर्षीचा वणवा

परवा इथे कॅलिफोर्नियात जोसेफिन पीकवर सायकल घेऊन गेलो आणि वरून चार फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, तर जांबोटीहून काकांचा पहिला मेसेज, "सगळं जळकंच दिसतंय की, काय करूलालास बे तिथं?" आता काकांना काय सांगू, जळकं दिसतंय म्हणूनच गेलो होतो.

थोडं मागचं सांगतो. मार्चमध्ये आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या एका डोंगराचा रात्रीचा व्हिडिओ ग्रुपवर आला होता, अंधारात लाल रेघ वर वर सरकतेय, आणि त्यावर तीन दिवस भांडण चाललं. एकाचं म्हणणं, भीमगडच्या जंगलातली गावं बाहेर काढा, तेच लावतात. दुसरा म्हणे, बेळगाव-गोव्याहून येणारी ट्रेकिंगची पोरं सिगरेटी टाकतात, सगळं बंद करा. तिसऱ्याने विषय नेहमीच्या वळणावर नेला, फॉरेस्टची पाटी फक्त कन्नडमध्ये, आमच्या लोकांनी वाचायची कशी. मग कोणीतरी मलाच मध्ये ओढलं, "अमेरिकेत बघा, कसं हेलिकॉप्टरने विझवतात." (हेलिकॉप्टर आपल्याकडेही आली होती हो, मार्च २०२३ ला गोव्यातलं म्हादई अभयारण्य पेटलं तेव्हा नेव्ही आणि एअर फोर्स दोघांची, चोर्ला घाटाच्या पलीकडेच, विसरलात काय.) तेव्हा मी गप्प बसलो, म्हटलं सवडीने लिहू.

तर जोसेफिन पीक. लॉस एंजेलिसच्या पाठीमागे सॅन गॅब्रिएल डोंगर आहेत, त्यातलं हे ५,५५८ फुटांचं शिखर. खालून वरपर्यंत आगीच्या बंबांसाठी काढलेला कच्चा रस्ता आहे, साधारण साडेसहा किलोमीटर, सगळा चढ. सायकल म्हणजे पायडलची सायकल, गावाकडे बाईक म्हटलं की लोकांना बुलेट दिसते म्हणून सांगतो. पहिला अर्धा तास मी चालवली, मग दरड पडलेल्या ठिकाणी उतरून ढकलली, मग परत थोडी चालवली, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या रस्त्यात सायकलच मला चालवत होती. शेवटी पायवाट लागते तिथे सायकल ठेवून चालत वर. वर आगीवर नजर ठेवायला पूर्वी एक टेहळणीची केबिन होती, ती १९७६ च्या आगीत स्वतःच जळली, आता नुसता चौथरा आहे. त्यावर बसून मी बेळगावहून आलेला कुंदा खाल्ला.

हा डोंगर २००९ च्या ऑगस्टमध्ये लागलेल्या आगीत गेला. स्टेशन फायर नाव तिचं, कोणीतरी मुद्दाम लावलेली, दोन अग्निशमनवाले त्यात मेले, आणि जळलं किती तर १ लाख ६० हजार एकर, म्हणजे आपल्या भीमगड अभयारण्यासारखी तीन अभयारण्यं बसून वर जागा उरेल एवढं. मी इकडे आल्यावर पहिल्यांदा हा भाग पाहिला तेव्हा काळे खुंट आणि त्यांच्यामधून सगळीकडे जांभळ्या फुलांची उंच झुडपं, मी आपला फोटो काढायला जवळ जाणार तर बरोबरचा ओरडला. पूडल-डॉग बुश. आपल्या खाजकुइलीची मोठी बहीण समजा, हात लागला की अंगावर फोड, ते आठवडाभर जात नाहीत. ह्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून असतं, आग लागून गेली की उगवतं, जळलेला उतार धरून ठेवतं आणि मग बाकीची झुडपं वाढली की हळूहळू मरून जातं. परवा शोधून शोधून मला दोन-तीनच दिसली. त्यांच्या जागी चमीज, मॅन्झानिटा ही इथली झुडपं, खुरटे ओक, माझ्या छातीपर्यंत आलेले, आणि त्यांच्या मधून अजून ते जुने काळे खुंट वर आलेले. एका मॅन्झानिटाच्या बुंध्याशी वाकून बघितलं तर जळालेलं लाकूड तसंच, कोळशासारखं बोटाला लागतंय, आणि त्याच गाठीतून तांबूस, गुळगुळीत नवीन फांद्या. म्हणजे काकांना जळकं दिसलं ते खरं, पण ते २००९ चं जळकं.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. इथले जाणकार सांगतात की ह्या झुडपांना एखादी आग चालते, त्यांना मारते ती लागोपाठची आग. दहा-पंधरा वर्षांच्या आत तोच उतार दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जळला की बी संपतं, गाठी थकतात, मग नुसतं परदेशी गवत येतं, आणि गवत अजून लवकर पेटतं. इथे दहा वर्षांत दुसरी आग म्हणजे संकट, आणि आमच्याकडे काही उतार दर वर्षी पेटतात! पावसाळी झाडं वेगळी, इथलं सगळं तसंच्या तसं तिकडे लागू होत नाही हे मान्य, पण गुडघाभर रोप दर मार्चला भाजलं तर त्याचं झाड कुठून होणार, ह्याला शास्त्रज्ञ कशाला पाहिजे. तीन दिवसांच्या भांडणात आग कोणी लावली ह्यावर दोनशे मेसेज, पण तोच डोंगर मागे कधी जळला होता हे एकानेही विचारलं नाही.

गावं उठवायचं म्हणाल तर जपून बोला. कॅलिफोर्नियात १८५० च्या कायद्याने माळ पेटवणाऱ्याला दंड लावला, मूळ रहिवासी लोक शेकडो वर्षं ठरवून, थोडं थोडं रान जाळायचे ते बंद पाडलं, आणि आता तेच सरकार त्यांच्या नातवंडांना विचारतंय की कसं जाळायचे ते दाखवा. आपल्याकडे कुमरीचं, म्हणजे रान जाळून करायच्या फिरत्या शेतीचं, काय झालं ते म्हाताऱ्यांना विचारा. राब भाजताना ठिणगी जाते, काजूच्या बागेखालचं गवत जाळताना जाते, हे खरंच आहे, नाही कोण म्हणतंय. पण वणवा आला की जांभळीचा डहाळा तोडून रात्रभर झोडपत कोण उभा असतो? काका. माझ्या लहानपणी सकाळी यायचे तेव्हा भुवया जळालेल्या असायच्या. भीमगडमधल्या तळेवाडीच्या लोकांनी घरटी १५ लाखांची भरपाई घेऊन बाहेर यायचं ठरवलं तर तो त्यांचा हक्क, जुलै २०२४ मध्ये तिथल्याच आमगावच्या आजारी बाईला बांबूला बांधून पावसात काही किलोमीटर खांद्यावरून आणावं लागलं, तेव्हा रानात रहा म्हणणारा मी इथे बसून कोण लागून गेलोय. मात्र "तेच आग लावतात" म्हणून उठवणार असाल, तर फायर लाईन, म्हणजे आग अडवायला गवत साफ केलेला पट्टा, कोण काढणार तेही सांगा. रोजंदारीचे चार फायर वॉचर?

बंदीचंही तेच. इथे आगीनंतर डोंगराचे काही भाग कित्येक वर्षं बंद होते, मी काही कुरकुर केली नाही. सज्जन आहे म्हणून नाही, ५ हजार डॉलर दंड आणि सहा महिने जेल होऊ शकते म्हणून! पण खरंच सांगतो, त्या आदेशावर नकाशा असतो, कारण असतं, कुठल्या तारखेपर्यंत तेही असतं. कर्नाटकात जानेवारी २०२४ ला कुमार पर्वतावर तोबा गर्दी झाली आणि राज्यभर ऑनलाइन बुकिंग नसलेले ट्रेक एकदम बंद, आमच्या पोरांना कळलं ते गेटवर गेल्यावर. पाटी मराठीतही हवी, शंभर टक्के हवी, पण तिच्यावर तारीखही हवी ना. आणि भाषेचं भांडण फक्त आपल्याकडेच असतं असं समजू नका, मार्च २०२५ मध्ये इथेही इंग्रजी ही अधिकृत भाषा असा आदेश निघालाय.

उतरताना ब्रेक इतके तापले की मध्ये दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा ग्रुपवर लिहिलं, व्हिडिओतला तो डोंगर मागच्या दहा वर्षांत कुठल्या कुठल्या वर्षी जळला, कोणाला आठवतं का? घरी पोचेपर्यंत दोघांनी परत लिहिलं होतं की गाववालेच लावतात, एकाने पाटीचा फोटो टाकला होता, आणि काकांची चार मिनिटांची व्हॉइस नोट होती. त्यात ते एकेक वर्ष मोजत होते, धाकटीच्या लग्नाच्या वर्षी जळलं, म्हैस मेली त्या वर्षी जळलं, लॉकडाऊनला जळलं, "आणि तू शेवटचा आलेलास बघ, त्या वर्षी नाही जळलं, मार्चातच पाऊस पडला होता."