"कष्ट शून्य" म्हणणाऱ्या वाचकांना

जपानी देवळात मागणं लिहून टांगतात त्या लाकडी पाट्यांवरच्या, म्हणजे एमावरच्या माझ्या लेखाखाली एक कमेंट आलीय. "पाचशे येन टाका, पाटी टांगा, झालं. कष्ट शून्य. आपल्याकडे नवस फेडावा तरी लागतो. तुम्ही भारावून काहीही लिहिता." शिवाय सन चुकलाय आणि लोकांच्या पाट्यांचे फोटो कशाला टाकले, असंही.

सन चुकलाय, मान्य. सुगावारा मिचिझाने, ज्यांना विद्येचा देव मानतात, ते ९०३ साली गेले, मी ९०५ टाइप केलं, दुरुस्त केलंय. फोटोंचं नाही पटत, पाट्या उघड्यावरच असतात, विषय संपला.

पण "भारावून काहीही"? अहो, मुद्दा मांडा की, ही काय बोलायची पद्धत झाली? मी सहा वर्षं तोक्योत काढलीयत, युशिमा तेन्जिन हे मिचिझानेंचंच देऊळ माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर होतं, परीक्षांच्या दिवसांत तिथे पाटीवर पाटी चढलेली मी दर वर्षी बघितलीय. तुम्ही किती वेळा गेलात?

आता ते "कष्ट शून्य". पाटीवर मागणं दिसतं, त्यासाठी काय सोडलंय ते दिसत नाही. त्याला ताचिमोनो म्हणतात, इच्छा पुरी होईपर्यंत आवडीची गोष्ट बंद, कुणी चहा सोडतं, कुणी साके म्हणजे तांदळाची दारू, कुणी मीठसुद्धा. माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, मला चहा ओतून द्यायच्या आणि स्वतः कोमट पाणी घेऊन बसायच्या, मला वाटायचं पित्ताचा त्रास असेल. मार्चमध्ये नातवाचा एंट्रन्सचा रिझल्ट लागला त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी चहा ओतला आणि कप दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ नुसता वास घेत बसल्या, तेव्हा मला कळलं. तोवर घरात कुणाला बोलल्या नव्हत्या. माझ्या आईने मी टायफॉइडने पडलो होतो तेव्हा वर्षभर गोड सोडलं होतं, तेव्हा नवस काय असतो ते मला शिकवू नका.

आणि नारा शहराजवळ इकोमा डोंगरावर होझान्जी हे देऊळ आहे, तिथल्या पाटीवर 'मन' हे अक्षर आणि त्याला ठोकलेलं कुलूप असतं. दारू, जुगार सोडायची शपथ घेणारे लोक ती वाहतात. यात देवाकडे मागितलं काय, सांगा ना? आणि फेडायचं म्हणाल तर काम झालं की आभार मानायला परत देवळात जायचं असतं, ओरेइमाइरी म्हणतात.

माझ्या लेखातलं नेमकं कुठलं वाक्य "काहीही" आहे ते कॉपी करून टाका, उत्तर देतो.