‘उजवा’ म्हणजे कुणाचा उजवा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डावं-उजवं आणि पूर्व-पश्चिम यांचा अर्थ बघणाऱ्याप्रमाणे, त्याच्या धंद्याप्रमाणे बदलतो, असं मी एका लेखात म्हटलं होतं. त्यावर,

‘दिशेचा उगाच बाऊ केलाय. उजवा तो उजवा, पूर्व ती पूर्व. आमचा फ्लॅट पूर्वाभिमुख आहे, तो कुठल्याही शास्त्रात पूर्वाभिमुखच राहणार. आणि धावपट्टीचं उदाहरण साफ उलटं दिलंय,’ असं तुम्ही लिहिलंत.

धावपट्टीबद्दल आधी कान पकडतो. मुंबई विमानतळावर २७ हा आकडा पश्चिम टोकाला रंगवलेला असतो, असं मी लिहिलं होतं. तो असतो पूर्व टोकाला. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. पश्चिमेकडे तोंड करून उतरणाऱ्या वैमानिकाला तो टेकायच्या आधीच वाचता यायला हवा. लेखात दुरुस्ती केली आहे. पण तुम्ही पकडलेली चूक माझीच बाजू मांडते की! आकडा कुठे आहे याने अर्थ लागत नाही, तो वाचणाऱ्याचं तोंड कुठे आहे याने लागतो.

आता ‘उजवा तो उजवा’. खडकवासला धरणाच्या भिंतीवर पाण्याकडे तोंड करून उभे आहात असं समजा. मुठा उजवा कालवा तुमच्या डाव्या हाताला येईल. पाटबंधारेवाले पाण्याकडे पाठ करून, नदी वाहते तिकडे बघत डावं-उजवं ठरवतात. म्हणून पर्वती, स्वारगेट करत हडपसरकडे जातो तो उजवा. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ फुटला, तो हाच. सिद्धटेकच्या गणपतीची सोंडही उजवी म्हणायची ती त्याची स्वतःची उजवी. समोर हात जोडून उभे असता तेव्हा ती तुमच्या डावीकडेच वळलेली दिसते.

वडिलांच्या छातीचा एक्स-रे पहिल्यांदा ट्यूबलाइटसमोर धरला, तेव्हा हृदय भलत्याच बाजूला बघून माझ्या पोटात गोळा आला होता. तिथल्या तंत्रज्ञाने काही न बोलता कोपऱ्यातल्या पांढऱ्या ‘एल’वर बोट ठेवलं. एल म्हणजे लेफ्ट, पण पेशंटचा. तो आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असं धरून फिल्म बघायची. अशा ठिकाणी ‘उजवा तो उजवा’ म्हणणारा सर्जन मला तरी नको.

‘पूर्व ती पूर्व’ हे मात्र निम्मं मान्य. होकायंत्र धंदा बघून फिरत नाही, पण नावं फिरतात. नैर्ऋत्य मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो म्हणून नैर्ऋत्य. समुद्राचा प्रवाह पूर्वेचा म्हटला, तर तो पूर्वेकडे निघालेला असतो. एक कुठून आला ते सांगतो, दुसरा कुठे चालला ते.

राहता राहिला तुमचा फ्लॅट. ब्रोकर बहुतेक वेळा दार बघतो, आणि ते दार उघडतं लिफ्टच्या लॉबीत, जिथे बारा महिने दिवा लावावा लागतो. आर्किटेक्ट ऊन कुठल्या खिडकीतून येतं ते बघतो. तेव्हा तुमचं पूर्वेला काय आहे, दार की गॅलरी? आणि सकाळचं ऊन घरात नेमकं कुठे पडतं?