कुत्र्याने चॉकलेट खाल्लं तर मीठ पाजा म्हणणारा तो मेसेज

"कुत्र्याने चॉकलेट खाल्लं? घाबरू नका" असा मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की मिठाचं घट्ट पाणी पाजून उलटी काढा, मग दूध द्या म्हणजे विष उतरतं, दोन तासात काही झालं नाही तर धोका टळला, आणि देशी कुत्र्यांना काहीच बाधत नाही.

परवा ऐरोलीहून बहिणीचा फोन आला. ती घरी केक करून देते, तिच्या कुत्र्याने, बंड्याने, ओट्यावरचं कोको पावडरचं पाकीट फाडलं होतं आणि आई मीठ कालवलेला पेला घेऊन तयारच होती, सोसायटीच्या ग्रुपवर वाचलं म्हणून. मी ठाण्यातून फोनवर ओरडलो तेव्हा थांबली.

अरे मीठ कसलं पाजताय! त्याने उलटी होईलच असं नाही, आणि नाही झाली तर ते सगळं मीठ रक्तात जातं, सोडियम एकदम वाढतं, मेंदूतलं पाणी खेचलं जातं, कुत्रा थरथरतो, आकडी येते, मरूही शकतो. म्हणजे चॉकलेटने जे होईल म्हणून आपण घाबरलोय तेच स्वतःच्या हाताने करायचं. घशात बोटंही घालू नका. उलटी काढावी हे बरोबर आहे, तेवढं मान्य, पण ती डॉक्टर इंजेक्शन देऊन काढतात आणि लवकर नेलं तरच तिचा उपयोग.

आणि इथेच तो दोन तास थांबायचा सल्ला जीवावर उठतो. मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल, जे प्राण्यांचे डॉक्टर स्वतः वापरतात, त्यात स्पष्ट आहे की लक्षणं साधारण ६ ते १२ तासांनी दिसतात. थिओब्रोमिन, म्हणजे चॉकलेटमधलं कुत्र्याला बाधणारं विष, कुत्र्याच्या अंगातून निम्मं कमी व्हायलाच साडेसतरा तास लागतात. म्हणजे तुम्ही ज्या दोन तासात कुत्र्याकडे बघत बसणार, तेच उलटी काढायचे तास असतात.

किती खाल्लं तर, हेही त्याच पुस्तकातलं. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम थिओब्रोमिनला उलट्या, जुलाब, तहान, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला आकडी. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम असतं, कोको पावडरमध्ये २८ च्या आसपास. बंड्या १२ किलोचा, त्याला २५-२६ ग्रॅम पावडर आकडीला पुरते. त्यामुळे तीस किलोच्या लॅब्रेडॉरने मिल्क चॉकलेटचे दोन तुकडे खाल्ले तर बहुतेक काही होत नाही हे खरंय, आणि "आमच्याकडे काही झालं नाही" म्हणणारे तिथूनच येतात. पण कोको किंवा डार्कला तो हिशोब लावू नका.

दुधाने विष उतरत नाही. आणि देशी म्हणजे काय, बंड्या घणसोलीच्या रस्त्यावरून आणलेला, त्याचं शरीरही थिओब्रोमिन तितक्याच हळू बाहेर टाकतं.

बहिणीने त्याला रिक्षात घातलं, पाकीट बरोबर घेतलं, वाटेतच डॉक्टरना फोन करून वजन, काय खाल्लं, साधारण किती आणि किती वाजता ते सांगितलं. उलटीचं इंजेक्शन झालं, नंतर कोळशाचं औषध, आणि सारखं लघवीला न्या म्हणाले कारण हे विष मूत्राशयातून परत रक्तात शोषलं जातं. रात्रभर धापा टाकत घरभर फिरत होता, बहीण त्याच्याबरोबर जागी. तिसऱ्या दिवशी नीट जेवला.

तो मेसेज ग्रुपवर अजून तसाच आहे. ज्यांनी टाकलाय त्यांनी आज काढा.