नोकरी दिली होती, फुकट खेळवले नव्हते

स्पर्धेसाठी परगावी जायचे होते म्हणून माझ्या पुतणीने तिच्या फुटबॉल संघाकडे प्रवासखर्च आणि दोन वेळच्या जेवणाचे पैसे मागितले, तेव्हा संघाच्या एका पदाधिकाऱ्यांनी उत्तरादाखल तिला एक संदेश पाठवला. तोच संदेश गेल्या पंधरवड्यात मला आणखी तीन गटांवर दिसला, आणि काल थोरल्या भावाने, म्हणजे मुलीच्या वडिलांनीच, ‘यात काही तथ्य आहे का?’ असे विचारून तो माझ्याकडे धाडला. संदेशाचा आशय असा: जपानच्या महिला फुटबॉलपटूंनी खेळासाठी कधी एक येनही घेतला नाही, त्या दिवसभर कारखान्यात राबून रात्री सराव करत, २०११ च्या त्सुनामीनंतर त्या अणुवीज केंद्रात स्वयंसेविका म्हणून उतरल्या आणि तिथून थेट विश्वचषक जिंकायला गेल्या, मग सरकारला लाज वाटून महिलांची लीग सुरू झाली, आणि २०२१ मध्ये पगार सुरू होताच त्यांचा खेळ बुडाला. शेवटी, जोडलेल्या हातांच्या चिन्हासह, ‘आपल्या मुलींनी यातून शिकावे.’

आधी अणुवीज केंद्राची गोष्ट घेतो, कारण सर्वांत जास्त वाहवा तिलाच मिळते आहे आणि सर्वांत मोठा विपर्यासही तिथेच आहे. टोकियो इलेक्ट्रिक पॉवर, म्हणजे टेप्को, या वीज कंपनीचा ‘मारीझ’ नावाचा महिला संघ फुकुशिमा प्रांतात होता. त्यातील खेळाडू कंपनीच्या पगारी कर्मचारी होत्या. काही जणी अणुवीज केंद्राच्या कार्यालयात काम करत आणि उरलेला वेळ ‘जे-व्हिलेज’ या कंपनीनेच उभारलेल्या क्रीडासंकुलात सरावासाठी देत. बचावपटू आया सामेशिमा त्यांच्यापैकी एक होती आणि करिना मारुयामाही पूर्वी तिथे नोकरीला होती. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत त्या केंद्रात अपघात झाल्यानंतर या खेळाडूंनी केंद्रात जाऊन कसलीही स्वयंसेवा केली नाही. संघाचे काम थांबवण्यात आले, जे-व्हिलेज हा अपघातनिवारणाचा तळ झाला, सामेशिमा काही महिन्यांत अमेरिकेतील बोस्टनच्या संघात गेली, आणि मारीझ हे नाव पुन्हा लीगमध्ये उतरलेच नाही. २०१२ मध्ये सेंदाईच्या वेगाल्ता क्लबने त्या संघाचा वारसा स्वीकारला. ज्या घटनेला संदेशकर्ते ‘प्रेरणा’ म्हणतात तिने एका आख्ख्या संघाचे मैदान आणि गाव हिरावून घेतले होते. किरणोत्सर्ग सुरू असलेल्या केंद्रात फुटबॉलपटूंना सेवेसाठी कोण पाठवील, एवढी साधी शंकाही हा मजकूर पुढे ढकलताना कोणाला येऊ नये, याचा मला संताप येतो.

गोष्टीत खरा धागा असलाच तर तो वेगळा आहे. विश्वचषकात जर्मनीविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्याआधी प्रशिक्षक नोरिओ सासाकी यांनी खेळाडूंना त्सुनामीग्रस्त भागाची छायाचित्रे दाखवली होती, आणि त्या सामन्यात जादा वेळेत एकमेव गोल केला तो याच मारुयामाने. या दोन खऱ्या गोष्टींवर पुढे कोणीतरी आपल्या सोयीचा मसाला चढवला आहे.

आता ‘एक येनही घेतला नाही’ या मुद्द्याकडे वळू. जपानची महिला लीग २०११ नंतर नव्हे, तर १९८९ मध्ये सहा संघांनिशी सुरू झाली (तेव्हा सरकारच्या लाजेचा मुद्दा इथेच निकालात निघतो). त्या सहांत निस्सान ही मोटारकंपनी होती, प्रिमा हॅम ही मांसपदार्थ विकणारी कंपनी होती आणि तासाकी ही मोत्यांचा व्यापार करणारी कंपनीही होती. कंपनी-संघ या पद्धतीचा अर्थच असा की खेळाडू कंपनीच्या वेतनपटावर असते, ठरावीक तास काम करते, आणि तिचे मैदान, गणवेश व प्रवास यांचा भार कंपनी उचलते. यालाच अर्धव्यावसायिक व्यवस्था म्हणतात. नोकरी हेच तिथले मानधन होते. १९९० च्या दशकात निक्को सिक्युरिटीज या शेअर दलाली कंपनीच्या संघाकडून नॉर्वेच्या हेगे रिसे आणि लिंडा मेडालेन खेळल्या, त्या काही घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला जपानला गेल्या नव्हत्या.

एवढे मात्र मान्य केले पाहिजे, जरी ते मला फारसे रुचत नसले तरी, की २०११ च्या विजेत्या संघात केवळ फुटबॉलवर जगणाऱ्या खेळाडू थोड्याच होत्या. अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध पहिली बरोबरी साधणारी आया मियामा ओकायामा प्रांतातील युनोगो या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावातील संघाकडून खेळत असे, आणि त्या संघातील खेळाडूंना गावातल्याच आस्थापनांत कामे मिळत. पुढच्याच वर्षी ऑलिंपिकला निघताना पुरुषांचा संघ बिझनेस क्लासमध्ये आणि जगज्जेत्या महिला मागच्या स्वस्त आसनांवर बसल्या होत्या, आणि हे उलट असायला हवे होते अशी खंत कर्णधारपद भूषवलेल्या होमारे सावाने बोलून दाखवली होती. म्हणजे काटकसर होती, पण ती त्या मुलींनी आनंदाने पत्करलेली साधना नव्हती.

शिवाय या पद्धतीची किंमत काय पडते, हे संदेशात कुठेच नाही. आर्थिक फुगा फुटल्यावर कंपन्यांनी हात आखडता घेतला. निक्कोच्या संघाने १९९६ पासून सलग तीन वेळा लीग जिंकली आणि तिसऱ्या विजेतेपदानंतर, १९९८ मध्ये, तो बंद झाला. फुजिता या बांधकाम कंपनीचा संघही त्याच सुमारास गेला. राष्ट्रीय संघ १९९९ च्या विश्वचषकात गटातच बाद झाला आणि त्यामुळे सिडनी ऑलिंपिकलाही मुकला. तासाकीने २००८ मध्ये संघ मोडला. विजेता संघसुद्धा एका ताळेबंदावर तगतो आणि त्याच ताळेबंदावर मरतो, हे वीस वर्षे पाहिल्यानंतर जपान फुटबॉल असोसिएशनने व्यावसायिक लीगचा निर्णय घेतला.

त्या लीगचे, म्हणजे ‘वुई लीग’चे, प्रवेशनिकष हा या साऱ्या वादातील सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी निदान ते वाचावेत. लीग सुरू झाली तेव्हाच्या निकषांनुसार प्रत्येक क्लबकडे किमान १५ व्यावसायिक करारबद्ध खेळाडू हव्या होत्या. व्यावसायिक खेळाडूचे वार्षिक वेतन किमान २७ लाख येन हवे होते. क्लबच्या निर्णयप्रक्रियेत स्त्री हवी होती आणि ठरावीक मुदतीत कर्मचाऱ्यांपैकी निम्म्या स्त्रिया हव्या होत्या. फुकट खेळण्यानेच विश्वचषक मिळाला, असा निष्कर्ष खुद्द जपानने काढला असता तर त्यांनी हे लिहून ठेवले नसते.

सप्टेंबर २०२१ मध्ये ११ क्लबांनिशी लीग सुरू झाल्यावर ‘खेळ बुडाला’ हा शेवटचा दावा. प्रेक्षकांच्या बाबतीत तो अर्धा खरा आहे: सामन्याला सरासरी पाच हजारांचे उद्दिष्ट होते आणि पहिल्या हंगामात दीड हजारांच्या आसपासच लोक आले. पण खेळाबद्दल? रिओ ऑलिंपिकची पात्रता हुकली ती २०१६ मध्ये, जुन्या व्यवस्थेत. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या पुण्यातील बालेवाडीत आशियाई चषकाचे सामने झाले, तेव्हा जपान उपांत्य फेरीत चीनकडून पेनल्टींवर हरला, हे खरे. मात्र त्याच जपानने २०२३ च्या विश्वचषकात पुढे जगज्जेता ठरलेल्या स्पेनला गटात ४–० असे हरवले. त्या स्पर्धेत पाच गोलांसह ‘गोल्डन बूट’ पटकावणारी हिनाता मियाझावा तेव्हा वुई लीगमधील मायनावी सेंदाईची पगारी खेळाडू होती, आणि हा क्लब म्हणजे मारीझचा वारसा घेतलेल्या वेगाल्ताच्या त्याच महिला संघाचे पुढचे रूप.

अर्धव्यावसायिक लीगही संपलेली नाही. ‘नादेशिको लीग’ या नावाने ती आजही दोन विभागांत चालते. चिबा प्रांतातील ऑर्का कामोगावा हा तिथला एक संघ, आणि त्यातील खेळाडू गावातल्या मोठ्या रुग्णालयात नोकरी करतात. भावाला मी हेच कळवले आहे, आणि पुतणीला सांगितले आहे की त्या पदाधिकाऱ्यांनी पुन्हा जपानचे नाव काढले तर जेवणाच्या पैशांचा विषय बाजूला ठेवावा आणि जपानच्या रिवाजाप्रमाणे आपले नेमणूकपत्र कोणत्या तारखेला मिळेल, एवढेच त्यांना लेखी विचारावे.