नव्या साहेबांना सायकल योजनेबद्दल चार शब्द

समजा, तुमची नुकतीच एखाद्या महापालिकेत बऱ्यापैकी मोठ्या खुर्चीवर नेमणूक झाली आहे. मेट्रो तुमच्या अखत्यारीत नाही, पाणीपुरवठ्याला हात लावला तर भाजतं आणि कचऱ्याचं नाव काढलं की कुठल्यातरी गावाचे लोक रस्त्यावर बसतात. अशा वेळी सार्वजनिक सायकल योजना काढा. फोटो छान येतात, पर्यावरणदिनाला उपयोगी पडते आणि सायकलला उघड विरोध करायला कुठलाच पक्ष धजावत नाही.

पुण्यात असाल तर भाषणाची पहिली ओळ तयारच आहे: 'एके काळी हे सायकलींचं शहर होतं.' सभागृह माना डोलावतं. २०१८ साली आरटीओच्या नोंदीत इथली वाहनं ३६ लाखांवर गेली आणि माणसं होती ३५ लाखांच्या आसपास, हे मात्र त्याच भाषणात घेऊ नका. ते उड्डाणपुलाच्या भूमिपूजनासाठी राखून ठेवा.

मग आराखडा. पुणे महापालिकेने २०१७च्या अखेरीस सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यात ८०० किलोमीटरहून अधिक लांबीचं जाळं रेखाटलेलं होतं. नकाशावरच्या ट्रॅकसारखी सुंदर गोष्ट नाही. त्यावर पाणी साचत नाही, गाड्या लागत नाहीत, वडापावची गाडी उभी राहत नाही. प्रत्यक्ष ट्रॅक बांधायचाच प्रसंग आला तर त्याचेही धडे गावात आहेत. स्वारगेट-कात्रज रस्त्यावर २००६ साली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, आली, तिच्या कडेने सायकलींसाठीही जागा राखली गेली. अशा ट्रॅकवर पेव्हर ब्लॉक टाकावेत, म्हणजे पहिल्या पावसाळ्यानंतर सायकलस्वाराचे दात मोजता येतात. मधोमध डीपीचा बॉक्स यावा, पुढे झाड, त्यापुढे बसथांबा. तोंडाशी लोखंडी खांब रोवावेत. दुचाकीवाले कुठून तरी फट शोधून सुळकन आत शिरतात आणि सायकलवाला खाली उतरून सायकल उचलतो. ट्रॅक कुठे संपवायचा याचं फार नियोजन लागत नाही, ठेकेदाराचं बिल जिथे संपतं तिथे तो आपोआप संपतो.

सल्लागार नेमताना एक पथ्य पाळा. शहरात आजही रोज सायकल चालवणारे लोक आहेत: रात्रपाळीचा वॉचमन, पेपर टाकणारी मुलं, बांधकामावर जाणारा गवंडी, चार घरची कामं करणाऱ्या काही मावशी. यांना बैठकीला बोलावू नका. ते 'पुलावर चढताना मागून बस अंगावर येते' किंवा 'सायकल लावायला जागा नाही' असलं काहीतरी बोलतात आणि सादरीकरणाचा विचका होतो. अभ्यास दौरा ॲमस्टरडॅमलाच न्या. तिथे १९६५ साली काही उत्साही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली रस्त्यावर फुकट ठेवल्या होत्या, आणि कुलूप नाही म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. सरकारी खात्यांतला समन्वय तिकडेही आपल्यासारखाच होता, हे ऐकून शिष्टमंडळाला हुरूप येईल. त्यानंतर तिथल्या लोकांनी अनेक वर्षं झगडून मोटारींकडून रस्ते परत घेतले, ती फाइल मात्र उघडू नका. आपल्याला सायकल आणायची आहे, रस्ता द्यायचा नाहीये.

आता कंपन्या. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये मोबाइल ॲपवरून सायकली भाड्याने देणारी पेडल आली, पाठोपाठ ओफो, मोबाइक, युलू. पिवळ्या, केशरी सायकलींनी फुटपाथ फुलून गेले. या टप्प्यावर 'महापालिकेला एक रुपयाही खर्च नाही' हे वाक्य बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे. करदाता खूश होतो. आपण रुपयाच दिलेला नसल्यामुळे उद्या शंभर सायकली पंक्चर पडल्या तर कुणाला जाब विचारण्याचीही कटकट नाही. कंपनी गुंतवणूकदाराच्या पैशावर येते, गुंतवणूकदाराचा मूड गेला की जाते. ओफो या चिनी कंपनीने २०१८ सालीच भारतातून गाशा गुंडाळला. त्याला पुणेकरांपेक्षा बीजिंगच्या तिजोरीतला खडखडाट जास्त जबाबदार होता, पण पुणेकरांना बोल लावणं केव्हाही सोपं.

लोकार्पणाकडे जातीने लक्ष द्या. सकाळी साडेसातची वेळ द्यावी, साहेब साडेनऊला येतात. हार घातलेली सायकल आदल्या रात्रीच उघडून ठेवा, नाहीतर व्यासपीठासमोर क्यूआर कोड स्कॅन होत नाही, ओटीपी येत नाही आणि मान्यवर हँडल धरून ताटकळतात. सीट आधीच खाली करून घ्या. एका कार्यकर्त्याने मागून कॅरिअर धरावं. सार्वजनिक सायकलला कॅरिअर नसतं, त्यामुळे त्याने सीटखालचा दांडा धरून पळावं. पन्नास पावलं झाली की फोटो झाले. मागून संथ गतीने येणाऱ्या काळ्या एसयूव्हीचं दार उघडं असूच द्या. श्रेयाचे फ्लेक्स त्याच ट्रॅकवर आडवे लावलेत तर जागेचाही प्रश्न मिटतो.

दुसऱ्या दिवसापासून सायकली उतारावर जमायला लागतील. हा निसर्गनियम आहे. लोक उतारावर सायकल घेतात आणि चढावर रिक्षा. पॅरिसमध्ये हेच झालं, तर तिथल्या लोकांनी रात्री ट्रकमधून सायकली वर नेल्या आणि चढावरच्या थांब्यावर सायकल सोडणाऱ्याला पंधरा मिनिटं जादा फुकट वापरायला बक्षीस दिली. आपण असलं काही करू नये. चढावर सायकल मिळत नाही, याचा अर्थ 'प्रचंड प्रतिसाद' असा लावावा. उतारावर दोनशे पडून आहेत, त्याचाही अर्थ तोच लावावा.

मग मोडतोड सुरू होईल. कुणी कुलूप फोडेल, कुणी सीट नेईल, एखादी सायकल सोसायटीच्या जिन्याखाली स्वतःची साखळी लावून बांधलेली सापडेल. घाबरू नका, हीच योजनेतली सुवर्णसंधी आहे. ताबडतोब म्हणा: 'आपल्या लोकांची लायकीच नाही. परदेशात बघा!' परदेशात खरंच कुणी बघत नाही, ही आपली जमेची बाजू. पॅरिसची वेलिब योजना २००७ साली सुरू झाली आणि पहिल्या दोन-अडीच वर्षांत तिच्या वीसेक हजार सायकलींपैकी बहुतेक चोरीला गेल्या नाहीतर मोडल्या. काही सेन नदीत सापडल्या. म्हणजे संस्कृती, शिष्टाचार, सगळं आपल्याइतकंच. फरक एवढाच की तिथल्या महापालिकेने नुकसानीचा काही भार स्वतःच्या अंगावर घेतला, पुढे २०१८ मध्ये ठेकेदार बदलताना महिनोन्‌महिने घातलेला सावळागोंधळही निस्तरला, आणि रस्त्यांवर सायकलींसाठी जागा वाढवत नेली. योजना अजून चालू आहे. इतक्या चिवटपणाची आपल्याला गरज नाही. आपल्याकडे नागरिक नावाची सोय आहे, तिच्यावर खापर फोडलं की पुरतं.

एवढं करूनही योजना तग धरून राहिली तर मेलबर्नचा उपाय बघा. तिथे हेल्मेट सक्तीचं, सायकल मात्र रस्त्यावर उचलायची. सायकल दिसली की आधी हेल्मेट शोधत फिरा. स्वस्तात हेल्मेट विकून बघितली, सायकलींबरोबर ठेवूनही बघितली. २०१० साली सुरू झालेली ती योजना २०१९ मध्ये बंद पडली. पुण्यात हेल्मेटचा विषय काढला तर योजनेबरोबर तुम्हीही बंद पडाल, म्हणून हा प्रयोग शेवटच्या महिन्यातच करा.

योजना बंद झाली असं कधी जाहीर करू नका. बंद करायला ठराव लागतो, ठरावाला चर्चा लागते. सायकली हळूहळू दिसेनाशा होतात, फुटपाथवरचे पांढरे चौकोन राहतात, त्यात दुचाक्या अगदी मापात बसतात. पुढच्या अंदाजपत्रकात 'शाश्वत वाहतूक' या शीर्षाखाली ई-बाइकची तरतूद टाका. एखाद्या निवृत्त गृहस्थाने माहिती अधिकारात 'किती सायकली आणल्या, किती उरल्या, कुठे आहेत' असं विचारलंच, तर 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही' एवढं कळवा. यात खोटंही बोलावं लागत नाही. ते चिकाटीने प्रथम अपील करतील. त्याची सुनावणी लागेपर्यंत तुमची बदली झालेली असेल, आणि नव्या साहेबांच्या टेबलावर 'पुणे : सायकलींचं शहर' नावाचं सादरीकरण पोचलेलं असेल.